पहिला पीसी जोडताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

पहिला पीसी जोडताना बजेट कमी पडलं की कात्री हमखास पॉवर सप्लायला, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला, लागते. तसं करू नका. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस तर दुकानातच ठेवा.

डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, बाजूचं लेबल बघा. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहून १२ ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५० वॅटचा दावा खरा. तिथे १८-२० च असतील तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला जेमतेम २४० वॅट येतात. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड अशा जोडीला चांगला ५५० वॅटचा पुरतो. ‘८० प्लस ब्राँझ’ हा चाचणी घेऊन दिलेला शिक्का; त्याचा अर्थ वीज कमी वाया जाते, एवढंच. शिवाय ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते आणि परभणी-नांदेडचा मे चाळिशीच्या वर असतो. म्हणून १०० वॅट जास्तीचे घ्या, वॉरंटी पाच वर्षांची बघा. कॅबिनेट पुढून जाळीचं, निदान दोन पंख्यांचं.

गावाकडे शेजारची मोटार सुरू झाली की दिवे मंदावतात. तिथे यूपीएस हवाच, आणि वॅटमध्ये मोजून घ्या. व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आकडा वॅटपेक्षा फुगीर दिसतो. पीसी जोडण्याआधी वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंगच नसतं.