डर्वेंटकाठच्या गिरण्यांच्या वाटेवर निघण्याआधी

इंग्लंडात डर्बीशायरमध्ये डर्वेंट नदीच्या सोबतीने ‘डर्वेंट व्हॅली हेरिटेज वे’ ही सुमारे 88 किलोमीटरची पायवाट जाते. लेडीबावर धरणापाशी सुरू होते आणि डर्वेंट जिथे ट्रेंट नदीला मिळते तिथे संपते. तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे ही सगळी वाट एका फटक्यात उरकायचा हट्ट सोडा. क्रॉमफर्ड ते अँबरगेट हा कालव्याकाठचा मधला टप्पा घ्या, साधारण 9 किलोमीटरचा. कालव्यालगत असल्यामुळे चढउतार जवळपास नाही, दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, आणि गिरणी, जुनी रेल्वे, वाफेचा पंप, गर्द झाडी असं सगळं एवढ्यातच भेटतं. भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांचे गुडघे कुरकुरत असतील, तर दुसरा टप्पा शोधायच्या भानगडीत पडूच नका.

मोटार आणलीत तर ती आणायला पुन्हा मागे जावं लागतं, म्हणून रेल्वेनेच या. डर्बी ते मॅटलॉक गाडी साधारण तासाला एक असते. सकाळी क्रॉमफर्डला उतरायचं आणि संध्याकाळी अँबरगेटहून परत फिरायचं. मध्ये व्हॉटस्टँडवेल नावाचं छोटं स्टेशन आहे, अगदी कालव्याला लागून. कुणी दमलं तर तिथूनच गाडीत बसवून देता येतं. परतीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या, कारण दरीत मोबाइलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. रविवारी वेळापत्रक वेगळं असतं, ते आदल्या रात्री बघा. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं, त्यामुळे हिवाळ्यात दहाच्या आत चालायला लागलेलं बरं.

पायात काय घालायचं हे महिन्यावर आहे. मे ते सप्टेंबर साधे स्पोर्ट शूज चालतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चिखल असतो, तेव्हा घोट्याच्या वर जाणारे वॉटरप्रूफ बूट हवेत. जास्तीचे मोजे पिशवीत टाकाच. छत्री घरी राहू द्या, डोक्यावर टोपी येणारा रेनकोट घ्या. उन्हाळ्यातही पूर्ण पँट घाला. वाटेच्या कडेला नेटल नावाचं रोप माजलेलं असतं आणि त्याचं पान नुसतं घासून गेलं तरी खाजकुइली लागल्यासारखी आग होते. गवतातल्या गोचिडींसाठीही पाय झाकलेले बरे. आईला साडीच नेसायची असेल तर नेसू द्या, वाट तेवढी सोयीची आहे. खाली बूट आणि वर कानटोपी एवढं मात्र कबूल करून घ्या.

खाण्यापिण्याचं आपलं आपण न्यावं. कालव्याकाठी मध्येच एखादं दुकान लागेल अशा भरवशावर राहू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. बाकं ओली असतात, म्हणून बसायला एक प्लास्टिकचा तुकडा. बदकं हक्काने पुढ्यात येऊन उभी राहतात, त्यांना चिवडा घालू नका. स्वच्छतागृह क्रॉमफर्डलाच वापरून घ्या, गोळ्या-औषधं वरच्या कप्प्यात ठेवा आणि रिकामी कचऱ्याची पिशवी विसरू नका.

आता खरी तयारी वेळेची. नऊ किलोमीटर म्हणजे अडीच तास असं गणित मांडून कुणी आलं की त्याची गिरणी बघायची राहून जाते. नुसत्या क्रॉमफर्डसाठी दीड तास बाजूला काढा. रिचर्ड अर्कराइटने 1771 मध्ये इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. मसॉन गिरणीपासून डर्बीपर्यंतच्या 24 किलोमीटरच्या पट्ट्याला 2001 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्याचा गाभा हाच. मार्गदर्शकासह फेरी हवी असेल तर तिच्या वेळा आधी बघून ठेवा.

अंगणात शिरलात की नजर पाण्यावर ठेवा. एवढी नदी शेजारी असताना पहिली गिरणी चालली ती एका ओढ्यावर आणि शिसाच्या खाणींतलं पाणी बाहेर काढायला खोदलेल्या भुयारी पाटावर. जमिनीखालून येणारं ते पाणी थोडं कोमट असे, थंडीत गोठत नसे, त्यामुळे चाक बारमाही फिरायचं. रस्त्याच्या बाजूची भिंत बघा, खालच्या अंगाला खिडक्याच नाहीत. यंत्रं फोडणाऱ्या जमावाची धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. 1779 मध्ये लँकेशायरमधली अर्कराइटची एक गिरणी जमावाने जाळली होती. मग गावात नॉर्थ स्ट्रीटवर चक्कर मारा. 1776 च्या सुमाराची तीन मजली कामगारांची घरं आहेत, वरच्या मजल्याला लांबट खिडक्या. पुरुष वर माग चालवायचे, बायका-मुलं गिरणीत कामाला. लहान पोरंही कामावर असत, आणि दिवसपाळी-रातपाळी दोन्ही चालत. लालबाग-परळच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना इथे फार समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच थोडा इतिहास घरून वाचून निघा. आदल्या रात्रीची दहा मिनिटं पुरतात. भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाने इंग्लंडातल्या विणकरांचा धंदा बसायला लागला, तेव्हा 1721 मध्ये असं कापड वापरण्यावर कायद्याने बंदी आली. अर्कराइटच्या यंत्राने ताण्याला पुरेल असं पिळदार सूत निघू लागल्यावर त्याच्या भागीदारांनी पार्लमेंटात खटपट केली आणि 1774 मध्ये इंग्लंडात बनलेल्या सुती कापडापुरती वाट मोकळी झाली. पुढे 1856 मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची, शहरातली पहिली, सूतगिरणी सुरू झाली. या तीन तारखा डोक्यात असल्या की आई-बाबांशी बोलायला वाटभर विषय पुरतो.

गिरणीसमोरूनच कालवा निघतो. 1794 मध्ये पुरा झालेला हा क्रॉमफर्ड कालवा आता मालवाहू होड्यांचा राहिलेला नाही, या भागात तो वन्यजीवांचा राखीव अधिवास आहे. वॉटर व्होल नावाचा गुबगुबीत, आखूड कानांचा उंदरासारखा प्राणी काठच्या बिळात राहतो. आधी डुबुक आवाज येतो आणि मग पाण्यावर सरळ रेघ ओढत जाणारं तपकिरी डोकं दिसतं. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, आणि गप्पांचा आवाज जरा कमी ठेवा. एप्रिल-मेमध्ये आलात तर रानलसणाचा वास साऱ्या झाडीत भरलेला असतो.

दीडेक किलोमीटरवर हाय पीक जंक्शन येतं. डोंगरावरून उतरणारी रेल्वे इथे कालव्याला मिळायची. चढ इतका खडा की वर बसवलेल्या वाफेच्या इंजिनाने डबे दोराने ओढावे लागत. 1888 मध्ये सुटलेले डबे कालवा आणि शेजारची रेल्वेलाइन ओलांडून पलीकडे जाऊन पडले, तेव्हा कुठे उतारावर सुटे डबे अडवायला खड्डा खोदला गेला. तिथपर्यंतचा चढ आई-बाबांना घेऊन चढू नका, त्यांना चहा घेऊन खाली बसवा.

पुढे उंच धुराड्याचं लीवूड पंपगृह लागतं. शिसाच्या खाणवाल्यांनी आणखी खोल भुयार खणलं आणि क्रॉमफर्डचं ते कोमट पाणी तिकडे वळलं. गिरणीही अडचणीत आली, कालवाही. मग 1849 मध्ये डर्वेंटचं पाणी उचलून कालव्यात टाकायला हा पंप बसवला. पण नदीवर खालच्या गिरण्यांचा हक्क, त्यामुळे शनिवारी रात्री आठ ते रविवारी रात्री आठ एवढ्याच वेळात पाणी उचलायची मुभा होती. आठवड्याचं पाणी चोवीस तासांत ओढायचं म्हणून पंप एवढा अगडबंब. वर्षातले काही ठरावीक दिवस तो अजूनही वाफेवर चालवून दाखवतात. जमलं तर तारीख त्यावरूनच ठरवा. शेजारीच कालवा दगडी पुलावरून नदी ओलांडतो, तिथे फोटोत वेळ जाणारच.

व्हॉटस्टँडवेलच्या अलीकडे एक छोटा बोगदा आहे. आत ओलसर अंधार असतो, म्हणून टॉर्च किंवा मोबाइलची बॅटरी शिल्लक हवी. आत एका रांगेत चाला.

सकाळीच पाऊस कोसळत असेल तर कालव्याकडे फिरकू नका. डर्बीलाच उतरा. 1721 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या रेशीम गिरणीच्या जागी 2021 पासून ‘म्युझियम ऑफ मेकिंग’ आहे, स्टेशनवरून चालत अर्ध्या तासाच्या आत. ते उघडं आहे ना हेही आदल्या रात्रीच बघून ठेवा, आणि पुऱ्या गाडीतच संपवा.