व्हेरिएबल पूर्ण मिळणार असं धरून चालू नका, नवीन लागलेल्यांसाठी माझा अनुभव

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर आलं तेव्हा मी फक्त शेवटचा आकडा बघितला, ६ लाख, आणि लगेच बाबांना फोन लावला. त्यात ६० हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे पगाराचा कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, हे दिसत होतं, पण व्हेरिएबल म्हणजे वर्षाच्या शेवटी एकदम हातात पडणारे पैसे एवढंच डोक्यात. साताऱ्याच्या घराचे पत्रे बदलायचे होते, मी सांगून टाकलं की मे महिन्यात माझे ६० हजार येतात, पत्र्यांचं माझ्याकडे लागलं. मे मध्ये आले २८,८०० रुपये.

चूक कोणाचीच नव्हती, लेटरमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मी ऑगस्टमध्ये लागले, म्हणजे मार्चपर्यंत ८च महिने भरले, तिथेच ६० चे ४० झाले. कंपनीचं त्या वर्षीचं टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून सगळ्यांनाच ८० टक्के, राहिले ३२. आणि माझं रेटिंग, म्हणजे वर्षभराच्या कामाला कंपनी देते ते गुण, आलं ३, आमच्याकडे ३ ला ९० टक्के मिळतात. हा हिशेब मी आधी केला असता तर निदान बाबांना खोटी आशा लावली नसती, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून पहिलं काम हेच की लेटर काढा आणि शोधा, कंपनीचा वाटा किती, तुमच्या रेटिंगचा वाटा किती, अर्धवट वर्षाचं काय, आणि पैसे कधी जमा होतात. कंपनीचा वाटा आपल्या हातात नसतो, तो सोडून द्या. रेटिंगचा मात्र बऱ्यापैकी असतो. पूर्ण वर्ष भरलं असतं तर त्याच ८० टक्क्यांवर ३ च्या रेटिंगला ४३,२०० आणि वरच्या रेटिंगला, ज्याला आमच्याकडे १२० टक्के आहेत, ५७,६०० झाले असते. फरक १४,४०० चा. हिंजवडीत रूम शेअर करून राहणाऱ्या माणसाला हे किती महिन्यांचं भाडं आहे ते मी सांगायला नको.

इथे एक गोंधळ काढून टाकते कारण माझाही झाला होता. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत होते, त्यांना दिवाळीला बोनस यायचा आणि तो यायचाच, किती द्यायचा यावर युनियन भांडायची. तो कायद्याचा बोनस. १९६५ च्या कायद्याने वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढा, आणि जास्तीत जास्त २० टक्के, वर्षात निदान ३० दिवस काम केलेलं पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीने पगाराची मर्यादा महिना २१ हजार केली, आणि हिशेब महिना ७ हजार किंवा किमान वेतन यातलं जे जास्त असेल त्यावर ठेवला. आता तो कायदा वेतन संहितेत गेलाय पण ८.३३ आणि २० हे आकडे तेच आहेत. एसटीत किंवा महापालिकेत दिवाळीला जे सानुग्रह अनुदान जाहीर होतं ते आणखी वेगळं. तुमचा पगार सध्याच्या मर्यादेच्या आत असेल तर कायद्याचा बोनस तुमचा हक्क आहे, जरूर विचारा. पण आयटीतलं व्हेरिएबल हे आपल्या लेटरमधल्या अटींवर चालतं, तिथे युनियन येऊन भांडणार नाही, आपलं आपल्यालाच मांडावं लागतं.

आता मांडायचं कसं. पहिल्या वर्षी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म, म्हणजे वर्षभरात काय केलं ते आपणच लिहून द्यायचं असतं तो, मी शेवटच्या दिवशी रात्री २० मिनिटांत भरला. टीमवर्क चांगलं आहे, दिलेलं काम वेळेत पूर्ण केलं, नवीन गोष्टी शिकले, असलं काहीतरी. मीटिंगला बसलो, सरांनी, म्हणजे माझ्या मॅनेजरने, स्क्रीनवर फॉर्म उघडला, खालपर्यंत नेला, परत वर आणला आणि म्हणाले, "अगं, तो महिनाअखेरचा बिलिंगचा जॉब तूच नीट केलास ना? इथे कुठेच नाहीये तो." खरंच नव्हता. दर महिन्याच्या शेवटी तो जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, रात्री अडकायचा, कोणालातरी अडीच-तीनला उठून परत चालवावा लागायचा, मी नोव्हेंबरमध्ये आठवडाभर लॉग बघत बसले तेव्हा कळलं की एकच फाईल दोनदा लोड होतेय, ते दुरुस्त केलं आणि त्यानंतर एकदाही रात्री फोन आला नाही. वर्षातलं माझं सगळ्यात मोठं काम, आणि मला ते लिहायचं सुचलं नाही कारण मार्चपर्यंत मी ते विसरून गेले होते. सर म्हणाले, "हे मला आधी दिलं असतंस तर बोलता आलं असतं, आता लिस्ट वर गेली."

लिस्ट वर गेली म्हणजे काय ते मला दुसऱ्या वर्षी समजलं. आमच्याकडे मॅनेजर एकटा रेटिंग ठरवत नाही, तो सुचवतो, मग सगळे मॅनेजर एकत्र बसतात आणि वरची रेटिंग्ज ठराविक लोकांनाच द्यायची असतात, बेल कर्व्ह म्हणतात तो हाच. त्या खोलीत आपण नसतो. आपल्या मॅनेजरला आपल्यासाठी फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात, समोरचा मॅनेजर स्वतःच्या माणसासाठी भांडत असतो, आणि तिथे "ती खूप मेहनती आहे" याला काही वजन नसतं कारण तिथे प्रत्येकाचं माणूस मेहनतीच असतं. "रात्रीचे फोन बंद झाले" याला वजन असतं. माझं ठाम मत झालंय की वर्षभर आपलं काम हेच, आपल्या मॅनेजरच्या तोंडात अशी दोन-तीन वाक्यं आधीच तयार ठेवायची.

त्यासाठी मी एक एक्सेल शीट केली. दर शुक्रवारी साडेचारला १० मिनिटं. तारीख, काय केलं, आधी कसं होतं, आता कसं आहे, आणि कोणी काही लिहून दिलंय का. एक ओळ दाखवते, "१४ जून, रिफंडचा रिपोर्ट, आधी हाताने ३ तास, आता १५ मिनिटं, क्लायंटकडच्या मॅडमचा मेल आहे." बस, एवढंच. काही शुक्रवारी लिहायला काहीच नसतं, मग रिकामं सोडायचं, उगाच भरायचं नाही. शीट ऑफिसच्याच लॅपटॉपवर ठेवा, क्लायंटची माहिती घरच्या मेलवर पाठवून दुसरीच भानगड ओढवून घेऊ नका. कोणी तोंडी कौतुक केलं तर मी सरळ म्हणते, "दोन ओळी मेल कराल का, सरांना सीसी करून?" पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं, आपल्याकडे स्वतःचं कौतुक मागणं म्हणजे कसंतरीच वाटतं, पण आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

गोल्स, म्हणजे वर्षाची उद्दिष्टं, भरतानाही हेच. "सपोर्ट सुधारणे" असं लिहिलं तर वर्षाच्या शेवटी सुधारलं की नाही हे समोरचा ठरवणार. मी लिहिलं, महिन्याला परत उघडणारी टिकिटं (एकदा सोडवून परत आलेल्या तक्रारी) ६० च्या आसपास आहेत ती २५ च्या खाली आणणे. आणली १८ वर, आणि त्यावर वाद घालायला काही उरलंच नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये एक प्रश्न नक्की विचारा, "सर, आज रेटिंग द्यायचं झालं तर मला काय द्याल, आणि वरच्यासाठी काय कमी पडतंय?" माझ्या सरांनी सांगितलं की तुझं काम चांगलंय पण क्लायंटच्या कॉलवर तू गप्प असतेस, त्यांना तू माहीतच नाहीस. हे मला मार्चमध्ये कळलं असतं तर काही उपयोग नव्हता, ऑक्टोबरमध्ये कळलं म्हणून पाच महिने मिळाले, दर मंगळवारच्या कॉलवर माझ्या मॉड्यूलचं स्टेटस मीच सांगायला लागले. इंग्रजी अडखळायचं, आधी कागदावर लिहून घ्यायचे. त्या वर्षी मला ४ मिळाले. मिळतीलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, माझ्याच टीममधल्या एकाने हे सगळं करूनही त्याला ३ आले कारण त्या वर्षी प्रोजेक्टच बंद पडला.

रात्री उशिरापर्यंत बसून बोनस वाढतो असं काहींना वाटतं, मला तसं कधीच दिसलं नाही, तब्येत तेवढी जाते.

शेवटचं, पैसे आणि तारखा. बोनस पगारातच धरतात, त्याला वेगळा टॅक्स नसतो, पण त्या महिन्यात टीडीएस जास्त कापलेला दिसू शकतो, घाबरू नका, वर्षाच्या हिशेबात तो धरला जातो. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर किती महिन्यांच्या आत सोडलं की परत द्यावा लागतो ते बघून ठेवा. आणि बऱ्याच कंपन्यांत पैसे जमा होतात त्या दिवशी तुम्ही पेरोलवर पाहिजे, काही ठिकाणी नोटीस पिरियडमध्ये असलात तरी मिळत नाही. माझ्या रूममेटने एप्रिलच्या शेवटी राजीनामा टाकला, बोनस मे च्या पगारात होता, वर्षभर राबून तिला एक रुपया आला नाही आणि नवीन कंपनी तर थांबायला तयार होती. तुमच्या लेटरमध्ये ही अट सापडली नाही तर एचआरला विचारा, पण फोनवर नको, मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.