बीगल पाळताना नाकाच्या कलाने घ्यावे
बीगलचा गोजिरवाणा चेहरा पाहून तो घरी आणणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी, ती म्हणजे हा कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने जगतो. इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी ही जात जोपासली गेली. शिकारी मागून पायी येत आणि बीगलांचा कळप मालकाच्या हुकमाची वाट न पाहता वासाचा माग काढत पुढे धावे. आज आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो मुळात त्याच कामासाठी जाणीवपूर्वक जपलेला गुण आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळांवर सामानातील फळे आणि मांस हुडकण्यासाठी बीगल नेमले, तेही याच नाकामुळे आणि माणसांशी सहज जुळवून घेणाऱ्या स्वभावामुळे.

फिरायला नेताना त्याला सतत ओढत चालवू नये. पट्टा गळ्याऐवजी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला लावावा आणि फेरीतला निदान काही वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण घाईघाईने मारलेल्या लांब फेरीपेक्षा वास घेत केलेली छोटी फेरी त्याला अधिक शांत करते. मोकळ्या जागी मात्र पट्टा सोडू नये. बोलावल्यावर परत येण्याचा सराव खाऊ देऊन लहानपणापासून जरूर करून घ्यावा, पण ताजा माग सापडलेला बीगल हाक ऐकूनही थांबेल याची खात्री कोणी देऊ नये. अशा ठिकाणी पाच ते दहा मीटर लांबीची दोरी उपयोगी पडते. कुंपण उंच असून भागत नाही. तो खालून उकरतो, म्हणून तळाची फटही बुजवावी.

घरात त्याच्या नाकाला काम द्यावे. जुना टॉवेल पसरून त्यावर रोजच्या खाण्यातील काही दाणे विखरावेत, तो सैलसर गुंडाळावा आणि ‘शोध’ म्हणून त्याच्यापुढे ठेवावा. पहिल्या दिवशी तो टॉवेल पंजाने नुसता फरफटवेल, पण लवकरच नाक घालून एकेक घडी उलगडू लागेल. जमू लागल्यावर टॉवेल दुसऱ्या खोलीत लपवावा. ज्या बीगलला असे काम मिळत नाही, तो ते कचऱ्याच्या डब्यात शोधतो.

खाण्याच्या बाबतीत त्याच्या केविलवाण्या नजरेवर विश्वास ठेवू नये. पूर्ण वाढलेल्या बीगलचे वजन साधारण ९ ते १४ किलो असते आणि तो अंगाने फार लवकर सुटतो. खाणे मोजूनच द्यावे, सरावासाठी दिलेला खाऊही त्यातच धरावा. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्याने ते बंद कपाटातच ठेवावेत.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, त्यामुळे ते आठवड्यातून एकदा उलटून पाहावेत. दुर्गंधी, लालसरपणा, गडद मळ किंवा सतत डोके झटकणे दिसल्यास पशुवैद्यांकडे जावे. कापसाची काडी कानात खोल घालू नये. केस आखूड असले तरी दाट असतात आणि बरेच गळतात, म्हणून आठवड्यातून एकदोनदा ब्रश फिरवावा.

कळपात वाढलेल्या या जातीला एकटेपणा सोसत नाही आणि तिचे लांबलचक हेल काढून ओरडणे भिंतींना जुमानत नाही. एकटे राहण्याची सवय काही मिनिटांपासून हळूहळू वाढवावी. ओरडला की रागावून उपयोग होत नाही, उलट तुम्हीही सूर मिसळलात असेच त्याला वाटण्याची शक्यता अधिक. दिवसभर घर बंद ठेवणाऱ्यांनी बीगल न आणणेच बरे.

या जातीत अपस्मार आणि मणक्यांच्या चकतीचे विकार आढळतात. झटका येणे, पाठीला हात लावू न देणे किंवा मागचे पाय लटपटणे दिसल्यास उशीर करू नये. सर्वसाधारणपणे बीगल १२ ते १५ वर्षे जगतो. वय झाल्यावर चालणे कमी करावे लागले तरी हुंगण्याचा वेळ कमी करू नये.