पूरछावणीत मुलांची खोली

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा-कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यात शिरलं, तेव्हा मी अंगणवाडी सेविका म्हणून छावणीत होते. शाळेत छावणी असेल तर एक वर्ग मुलांसाठी आधीच अडवा, नाहीतर तिथे धान्याची पोती येतात. संडासाची वाट उजेडाची हवी. सतरंजी, खडू, दोरी, चिंचोके पुरतात. रोज ठरल्या वेळीच उघडा. पुराचं खोदून विचारू नका. मूल चित्रात बुडालेलं घर काढेल, तेव्हा नुसतं शेजारी बसा. मोठी माणसं कायम दोन हवीत, एकटं कुणीच नको. न्यायला येणाऱ्याचं नाव वहीत लिहा, सख्खा मामा असला तरी. फोटोवाल्यांना दारातच थांबवा, मी पुढाऱ्यांनाही थांबवते. एकटं मूल सापडलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावा.