जपानची टूर: गिटारचा अँप्लिफायर घरी ठेवा, सोबतचा बँड आधी शोधा

आमचा चार जणांचा बँड दोनदा जपान करून आलाय. पहिल्यांदा अक्कल नव्हती, दुसऱ्यांदा होती, कारण पहिल्या टूरमध्ये ती रोख पैसे मोजून विकत घेतली होती. आता सारखं कोणी ना कोणी विचारतं की कसं जमवलंत, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तोक्योतल्या कार्यक्रमाच्या जागांना ईमेल पाठवत बसू नका. आम्ही तेच केलं होतं. तिकडे छोट्या बँडचं सगळं जग 'लाइव्ह हाउस'मध्ये चालतं, म्हणजे बऱ्याचदा तळघरातली एक खोली, खाली उतरायला अरुंद जिना, शंभर-दोनशे माणसं मावतील एवढी जागा, पण साउंड असा की वाटावं आपण खरंच बरे वाजवतो की काय. शिमोकिताझावा, कोएन्जी, शिबुया, शिंजुकू, तोक्योच्या या भागांत तर गल्लोगल्ली आहेत. ईमेलला उत्तर येतं, तारीखही मिळते, आपण नाचायला लागतो आणि खाली लिहिलेला एक आकडा नीट वाचतच नाही. त्याला म्हणतात नोरुमा. शब्द मूळचा रशियन, अर्थ ठरवून दिलेला कोटा. समजा १५ तिकिटं, एक २००० येनचं, तर ती खपवायची जबाबदारी बँडची. सहाच खपली तर उरलेल्या नऊंचे १८,००० येन तुम्ही भरायचे. म्हणजे वाजवायचं पण आपण आणि पैसे पण आपणच द्यायचे. तिथल्या बँडना याची सवय आहे, ते मित्र, ऑफिसातले, कॉलेजातले असे सगळ्यांना पकडून आणतात, पण ज्या शहरात आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही तिथे पंधरा तिकिटं कोणाच्या गळ्यात मारणार?

हा हिशोब कसा होतो ते मी दारात उभा राहून पाहिलंय. आत येणाऱ्या प्रत्येकाला काउंटरवरची मुलगी विचारते, आज कोणत्या बँडसाठी आलात, आणि समोरच्या कागदावर त्या बँडच्या नावापुढे एक रेघ ओढते. आपण चार उभ्या आणि एक आडवी मारतो ना, तसं तिकडे पाच रेघांचं एक अक्षर असतं, ते पूर्ण झालं की पाच माणसं. बाकीच्या बँडची तीन-तीन अक्षरं झाली होती, आमचं पहिलंच अक्षर दोन रेघांवर अडलेलं. त्यातली एक रेघ आमच्या बेसिस्टच्या शाळेतल्या मित्राची, जो तिकडे नोकरीला आहे. (ओळखीच्यांना बोलावणार असाल तर हेही सांगून ठेवा की तिकिटाच्या वर दारात ५००-६०० येन एका ड्रिंकचे वेगळे घेतात. या जागांचं लायसन्स खाण्यापिण्याच्या दुकानाचं असतं, म्हणून ही पद्धत.)

तर मग करायचं काय, तर जागा नाही, बँड शोधायचा. एकाच रात्री आपल्यासोबत वाजवणाऱ्या बँडला तिकडे 'ताइबान' म्हणतात, आणि एखादा बँड स्वतः पुढाकार घेऊन जो कार्यक्रम लावतो तो 'किकाकु'. आपल्याच प्रकारचं, आपल्याच साइझचं काहीतरी वाजवणारा बँड ऑनलाइन शोधा, त्यांची गाणी खरंच ऐका, आणि मग लिहा की आम्ही अमुक महिन्यात येतोय, तुमच्या किकाकुत अर्धा तास द्याल का, आणि तुम्ही इकडे आलात तर जागा, ड्रम किट, झोपायची सोय आमच्याकडे. शेवटचं वाक्य मनापासून लिहा कारण ते लोक खरंच येतात, आमच्याकडे पाच जण नऊ दिवस राहून गेले. अशा कार्यक्रमात बाहेरून आलेल्यांवर नोरुमा बहुतेक टाकत नाहीत, यजमान बँडच सांभाळून घेतो, आणि त्यांचं पब्लिक तुम्हाला आयतं मिळतं. तोक्यो, नागोया, क्योतो, ओसाका अशा चार शहरांत चार बँड मिळाले की टूर झाली. एक बँड पटला की पुढच्या शहरातला बँड तोच सुचवतो, आम्हाला फक्त पहिलाच शोधावा लागला.

आता व्हिसा. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच टूर बुडतात. टूरिस्ट म्हणून जाऊन 'मित्रांकडे सहज वाजवतोय' असला शहाणपणा करू नका, पोस्टरवर तारखेसकट तुमचं नाव छापलेलं असतं. एंटरटेनर व्हिसा लागतो, तिकडे त्याला कोग्यो म्हणतात, आणि त्यासाठी आधी जपानमधल्याच कोणीतरी तिथल्या इमिग्रेशनकडून तुमच्या नावाचं पात्रतेचं सर्टिफिकेट काढावं लागतं. त्याला एक ते तीन महिने धरा, आणि ते निघाल्याच्या तारखेपासून तीन महिने चालतं, म्हणजे फार लवकर काढूनही उपयोग नाही. यजमान बँडला हे जमत नाही, छोटं लेबल किंवा प्रमोटर लागतो, म्हणून बँड पक्का झाला की दुसरा प्रश्न हाच विचारा की तुमच्याकडे हे काम करणारं कोण आहे. आणि मानधन मिळणार असेल तर बाहेरच्या कलाकारांच्या पैशातून २०.४२ टक्के टॅक्स आधीच कापून घेतात, त्याची पावती मागून घ्या, नंतर घरच्या टॅक्सच्या वेळी ती लागते.

बॅगेतली औषधं पण तपासा. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्या तिकडे चालत नाहीत, कोडीनवाल्या औषधांनाही नियम आहेत, काही औषधांना आधी परवानगी काढावी लागते. आणि गांजाच्या बाबतीत तर विषयच नको. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीला १६ जानेवारी १९८० ला नारिता एअरपोर्टवर बॅगेत २१९ ग्रॅम सापडला म्हणून धरलं, नऊ दिवस कोठडीत, मग देशाबाहेर, आणि विंग्ज या त्याच्या तेव्हाच्या बँडची अख्खी टूर रद्द. पॉल मॅकार्टनीला सोडलं नाही, तुमच्या ड्रमरला कोण विचारतं.

सामानाचं सांगतो. अँप (म्हणजे अँप्लिफायर) नेऊ नका, कॅबिनेट (म्हणजे स्पीकरचा खोका) नेऊ नका, काही नेऊ नका. जवळजवळ प्रत्येक लाइव्ह हाउसमध्ये आणि प्रॅक्टिस स्टुडिओत एक रोलँड जेसी-१२० आणि एक मार्शल उभा असतोच, बेसला बहुतेक अँपेग. जेसी-१२० हा १९७५ पासूनचा अँप, एकदम स्वच्छ आवाज, म्हणून इथे असतानाच कुठून तरी एक दिवसासाठी मिळवा आणि तुमचे डिस्टॉर्शनचे (आवाज खरखरीत करणारे) पेडल त्यावर कसे वाजतात ते ऐकून घ्या, कारण ट्यूब अँपवर मखमली वाटणारा पेडल त्यावर चिडलेल्या मिक्सरसारखा वाजू शकतो. आमचा वाजला. गिटार, पेडलबोर्ड, ड्रमरचा स्नेअर ड्रम, किक पेडल आणि काठ्या, एवढंच.

आणि वीज! तिकडे १०० व्होल्ट आहे. पेडलबोर्डच्या अॅडॉप्टरवर १००-२४० लिहिलंय का ते भिंग घेऊन बघा, लिहिलं असेल तर दोन चपट्या पिनांचा प्लग घ्या आणि विसरून जा. नुसतं २३० लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. आमच्या गिटारिस्टचा जुना अॅनालॉग डिले (प्रतिध्वनीचा पेडल) असाच २३० वाला होता, पहिल्या शोला दिवा मिणमिणला, आवाज असा आला की म्हशीने पाण्यात नाक बुडवलंय, मग अख्खी टूर तो डिले हॉटेलच्या कपाटात. गंमत म्हणजे फ्रिक्वेन्सीसुद्धा देशभर एक नाही. तोक्योकडे ५० हर्ट्झ, नागोया-ओसाकाकडे ६०, कारण १८९० च्या दशकात तोक्योने जनरेटर जर्मनीतून आणले आणि ओसाकाने अमेरिकेतून, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. गिटारवाल्यांना एवढाच फरक की अँपची घुरघुर ओसाकात जरा वरच्या सुरात येते. पण कोणी जुना टोनव्हील हॅमंड ऑर्गन वाजवणार असेल तर सावधान, त्याची पट्टी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, ५० चा ऑर्गन ६० वर लावला तर सगळं गाणं जवळपास तीन सेमीटोन वर चढतं.

कस्टमसाठी एटीए कार्नेट काढून घ्या, म्हणजे वाद्यांचा पासपोर्ट, वर्षभर चालतो. प्रत्येक वस्तू सीरियल नंबरसकट लिहायची. टी-शर्ट आणि सीडी त्यात घालू नका, कार्नेट परत येणाऱ्या मालासाठी असतो, विकायच्या मालासाठी नाही, आणि तो माल लपवून पण नेऊ नका. आम्ही दुसऱ्या वेळी टी-शर्टची डिझाइन फाइल यजमान बँडला पाठवली आणि तिकडेच छापून घेतले, डोक्याचा ताप गेला.

शोचा दिवस. तीनला बोलावलं तर तीन म्हणजे पावणेतीन. आम्ही पहिल्या शोला सात मिनिटं उशिरा पोचलो, सात, आणि आत गेलो तर सगळे बँड, साउंडवाला, लाइटवाला असे बाराएक जण हातातलं काम थांबवून बसलेले, कोणी एक शब्द बोललं नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आत शिरताना दुपार असो की संध्याकाळ 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं, म्हणजे गुड मॉर्निंग, या धंद्यात दिवसाचं पहिलं भेटणं म्हणजे सकाळच. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो, शेवटी वाजवणारा सगळ्यात आधी, म्हणजे पहिल्या बँडचा चेक संपला की त्यांचं सामान स्टेजवर तसंच राहतं. त्याच्या आधी हातात एक फॉर्म देतात, गाण्यांची नावं, मिनिटं, स्टेजवर कोण कुठे, आणि प्रत्येक गाण्याला लाइट कसे. लाइटच्या रकान्यात आम्ही काहीच लिहिलं नाही तर लाइटवाला तीनदा विचारायला आला, बिचारा काळजीत. तिथे 'ओमाकासे' लिहायचं, म्हणजे तुमच्यावर सोडलं, की तो खुश. एखाद्या गाण्याला काळोख हवा असेल तर तेवढं मात्र सांगा.

अर्धा तास म्हणजे अर्धा तास. बँड बदलायला दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यामुळे आपलं झालं की केबल गुंडाळत गप्पा मारत बसायचं नाही, सगळं उचलून बाजूला आणि तिथे जाऊन गुंडाळा. आणि बाकीच्या बँडचा सेट खाली उभं राहून पूर्ण बघायचा. हे कोणी सांगत नाही, पण तुम्ही जेवायला बाहेर गेलात तर सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आता स्टेजवरची भीती. गाणं संपतं, टाळ्या पडतात, जोरात पडतात, आणि चार-पाच सेकंदांत बंद. मग पूर्ण शांतता. कोणी ओरडत नाही, कोणी गप्पा मारत नाही, शंभर माणसं तुमच्याकडे बघतायत आणि बारमधल्या बर्फाचा आवाज येतोय. आमच्या गायकाने घाबरून माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाला "अरे काय झालं, आवडत नाहीये का यांना?" आणि त्या घाबरण्यात आम्ही पुढचं गाणं इतक्या जोरात सोडलं की ड्रमर धापा टाकायला लागला. शो झाल्यावर तीच माणसं रांगेत उभी राहून दुसऱ्या गाण्यातल्या बेसच्या एका सुराबद्दल विचारत होती. ती शांतता म्हणजे ऐकणं आहे, तुम्ही पुढे काय बोलताय याची वाट बघणं आहे. त्या बोलण्याला तिकडे 'एमसी' म्हणतात. दोन वाक्यं जपानीत पाठ करून जा, कुठून आलो आणि यजमान बँडचे आभार, एवढ्याने पण हॉल वितळतो.

टेबलावर माल लावाल तेव्हा किमती ५०० च्या पटीत ठेवा आणि सुट्ट्यासाठी १००० च्या नोटा आणि ५०० ची नाणी आधीच आणून ठेवा. सीडी न्या, तिकडे अजून विकत घेतात.

फिरण्याचं थोडक्यात. चौघं आणि फक्त गिटार असतील तर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मस्त, बाकीच्या बॅगा 'ताक्क्युबिन' कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, मोठ्या शहरांत बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात, पण शो रोज असेल तर स्नेअर आणि पेडलबोर्ड मात्र जवळच ठेवा. सामान जास्त असेल तर बँडवाल्यांची लाडकी गाडी टोयोटा हायएस भाड्याने मिळते, १९४९ च्या जिनिव्हा करारातलं इंटरनॅशनल परमिट लागतं, हायवेचा टोल खिसा रिकामा करतो, आणि ड्रायव्हर प्यायलेला असेल तर शेजारी बसलेल्यांनाही शिक्षा होऊ शकते, तेव्हा शो नंतरच्या पार्टीला, उचिआगेला, कोण पिणार नाही ते दुपारीच ठरवा. एप्रिलअखेर ते मेच्या पाच-सहा तारखेपर्यंतचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मधला ओबोनचा सण टाळा, हॉटेलं मिळत नाहीत. सप्टेंबरमध्ये वादळ आलं तर ट्रेन आदल्या दिवशीच जाहीर करून बंद करतात, म्हणून दोन शहरांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

आणि परत येताना एअरपोर्टवर तीन तास आधी पोचा. कार्नेटवर जपान सोडल्याचा शिक्का वाद्यं दाखवूनच मिळतो, म्हणजे गिटार चेक-इनच्या पट्ट्यावर टाकायच्या आधी कस्टमचं ऑफिस शोधायचं. आम्ही आधी टाकल्या, मग पट्ट्यावरून परत काढून घेतल्या, आणि मागची रांग काही न बोलता बघत होती, अगदी आमच्या पब्लिकसारखीच.