वजनकाटा नको, टेप काढा

शिवणकामाच्या डब्यातली टेप घ्या. सकाळी अनशापोटी उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांचा घेर ९० आणि बायकांचा ८० सेंटीमीटरच्या वर असेल, तर वजन ठीक असलं तरी मधुमेहाच्या धोक्याबद्दल जागे व्हा.

वजन फसवतं, आपल्या लोकांना तर फारच. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पोटातली चरबी वाढली की यकृत आणि स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते चढं राहिलं की साठलेली चरबी हलत नाही.

ही चरबी उतरवायची तर मुंबईत खरी अडचण रात्रीच्या जेवणाची. लोकलमधून घरी यायला नऊ, ताटावर बसायला दहा, लगेच झोप. म्हणून सहाच्या सुमारास ऑफिसातच मूठभर फुटाणे किंवा उकडलेलं अंडं खा, म्हणजे स्टेशनवरचा वडापाव ओढणार नाही. घरी ताटातला क्रम बदला. माझ्या बाबांना भात सोडा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं. आता ते आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ संपवतात, मग अर्धी भाकरी, आणि भात शेवटी, तोही एकच वाटी. पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले की रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं बिल्डिंगच्या आवारात चाला. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण हलणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. स्नायू हेच साखरेचं मोठं कोठार. म्हणून आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठाबसा आणि भिंतीला रेटून जोरही काढा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या.

झोपही सांभाळा. ती तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. साखर फार खाली जाऊ शकते. टेप पुन्हा महिन्याने, त्याच जागी.