प्राण्यांच्या डॉक्टरांवर स्मरणलेख कसा लिहावा

पुणे, नाशिक किंवा ठाण्यासारख्या शहरात, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी तीस-चाळीस वर्षे कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवलेले डॉक्टर निवर्ततात, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे कितीतरी कुटुंबांना वाटते. लिहिण्याची जबाबदारी मात्र अखेर मुलीवर, जावयावर, जुन्या सहायकावर किंवा त्यांच्या हाती आपली अनेक कुत्री सोपवलेल्या एखाद्या शेजाऱ्यावर येते. निमित्त प्रथम पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेचे असेल, माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेचे असेल किंवा शोकसभेत पाच मिनिटे बोलण्याचे असेल. अशा वेळी ‘प्राणिमित्र’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ ही विशेषणे आपोआप कागदावर उतरतात आणि ती खरी असूनही वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते डॉक्टर उभे राहत नाहीत. ते उभे राहावेत अशी इच्छा असेल, तर तपासणीच्या टेबलावर त्यांचे हात काय करीत असत आणि त्याच वेळी त्यांच्या घरी काय चाललेले असे, या दोन गोष्टींचा शोध घ्यावा. माझ्या मते उरलेला सारा लेख या दोहोंच्या आधारानेच लिहिला जातो.

माहिती गोळा करण्याची घाई करू नये. दिवसकार्य होईपर्यंत घरच्यांना प्रश्न विचारू नयेत. भेटायला येणारी माणसे आपणहून आठवणी सांगत असतात, त्या ऐकाव्यात आणि घरी परतल्यावर सांगणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवून ठेवाव्यात. महिनाभराने रीतसर बोलण्यास बसावे. त्यातही सर्वांत आधी दवाखान्यातील सहायकाकडे जावे, कारण प्राण्याला धरण्याचे काम त्यांचे असते आणि डॉक्टरांच्या हाताची लकब त्यांच्याइतक्या जवळून कोणीच पाहिलेली नसते. पुष्कळ लेखांत या माणसाचे नावसुद्धा नसते, याचे मला फार वाईट वाटते.

सहायकांना ‘डॉक्टर कसे होते’ असे विचारले, तर ‘देवमाणूस होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी कामाविषयी विचारावे. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी लावायची की बँडेजची पट्टी बांधायची, हे कोण ठरवीत असे? बोचकारणाऱ्या मांजराला टॉवेलमध्ये कसे गुंडाळत? थंडीत स्टेथोस्कोपची चकती कुत्र्याच्या छातीला लावण्याआधी डॉक्टर ती तळहातावर चोळून कोमट करीत का? सलाईनसाठी पुढच्या पायावरचे केस काढताना ते प्राण्याशी बोलत असत का, आणि बोलत असल्यास कोणत्या भाषेत? असा एखादा तपशील हाती लागला, की तो न सजवता जसाच्या तसा लिहावा. घाबरलेला कुत्रा टेबलावर चढेना म्हणून डॉक्टर स्वतः फरशीवर बसून तपासत, एवढे एक वाक्य ‘प्रेमळ’ या शब्दापेक्षा अधिक सांगून जाते.

दुसरा साठा कागदांचा. अनेक घरांत मेलेल्या कुत्र्याचे लसीकरण कार्ड वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असते आणि त्यावर रेबीजच्या आणि डिस्टेंपर, परव्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांवरील लसींच्या तारखा डॉक्टरांच्या अक्षरात असतात. पाळीव प्राण्याच्या नावापुढे घरचे आडनाव लावण्याची पद्धत पुष्कळ दवाखान्यांत आहे. ‘मोती कुलकर्णी’, ‘राणी शेख’ अशी नावे असलेली दोन-तीन कार्डे मिळाली, तर त्यांची छायाचित्रे लेखासोबत अवश्य द्यावीत, मात्र आधी त्या घरांची परवानगी घ्यावी आणि पत्ते व दूरध्वनी क्रमांक झाकावेत. कोणाच्या प्राण्याला कोणता आजार होता, कोणाचे बिल थकले होते, कोणाला फी माफ केली होती, हे नावानिशी लिहू नये. फी माफ केल्याचा उल्लेख करायचाच असेल, तर भटक्या कुत्र्याला उचलून आणणाऱ्यांकडून ते पैसे घेत नसत, असा साधा उल्लेख पुरेसा होतो.

शिक्षण आणि नोकरीच्या नोंदी घरच्यांच्या आठवणीवर न विसंबता प्रमाणपत्रे पाहून लिहाव्यात, कारण येथे चुका हटकून होतात. मुंबईत परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि नागपूरचे १९५८ मध्ये. परंतु नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये अस्तित्वात आले आणि त्यापूर्वी राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत होती. १९८५ मध्ये पदवी घेतलेल्या डॉक्टरांच्या नावापुढे आजच्या विद्यापीठाचे नाव लावले, तर त्यांच्या वर्गमित्रांना ते लगेच खटकेल. त्या पिढीतील अनेकांनी आधी सरकारी नोकरीत, खेड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची अडलेली वासरे सोडवली आणि पुढे शहरात येऊन लहान प्राण्यांचा दवाखाना थाटला. असे असेल, तर त्या वर्षांना दोन ओळींत उरकू नये. गोठ्यात शिकलेला हात आणि खेडुताशी सरळ बोलण्याची सवय पुढे शहरातही टिकून राहते. तिच्या खुणा मुद्दाम शोधाव्यात.

त्यांच्या कारकिर्दीचा काळही वाचकाला कळला पाहिजे. कुत्र्यांचा परव्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पुढे त्यावरील लसीकरण सर्वदूर रुजेपर्यंत रक्ताचे जुलाब आणि उलट्या होणारी पिल्ले सलाईनवर ठेवून रात्र-रात्र जागणे, हे या डॉक्टरांचे नित्याचे काम झाले. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीची यंत्रे हाताशी नसताना हिरड्यांचा रंग, पोटावरून फिरवलेली बोटे आणि मालकाने सांगितलेली हकिकत यांवरच निदान करावे लागे. वर्षाचे चक्रही ठरलेले असे: उन्हाळ्यात उष्माघात, पावसाळ्यात गोचिडांचे ताप आणि लेप्टोस्पायरोसिस, संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी आणि दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळालेली, वाहनाखाली आलेली कुत्री. हे चक्र लिहिताना घरच्या बाजूकडे वळणे सोपे जाते, कारण दिवाळीच्या रात्री डॉक्टर दवाखान्यात असत, तेव्हा घरी फराळाचे ताट झाकून ठेवलेले असे.

घरच्यांशी बोलताना वेळापत्रकाविषयी विचारावे. रात्री दोन वाजता फोन वाजला की आधी कोण उठत असे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पोहोचत का, सहलीला निघताना दवाखाना कोणाच्या भरवशावर सोडत, घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी हात-पाय धुऊन कपडे बदलत का. डॉक्टरांच्या पत्नीने ही सारी वर्षे फोन घेतले असतील, औषधांचा हिशेब ठेवला असेल, कोणी सोडून दिलेली पिल्ले घरात वाढवली असतील. तसे असेल, तर ते काम ‘खंबीर साथ’ या शब्दांत गुंडाळू नये, काम म्हणूनच लिहावे. मुलांच्या तक्रारीही येऊ द्याव्यात. बाबा आमच्या वाट्याला कमी आले, असे मुलीने म्हटले आणि ते छापण्यास तिची हरकत नसेल, तर त्या वाक्याने वडिलांची उंची कमी होत नाही. मुलांशी त्यांचे नाते ज्या वेळात जमले, तो वेळ नेमका शोधावा. रविवारी सकाळी मटण आणायला बरोबर जाणे, परीक्षेच्या दिवसांत गणित घेणे, नातवाला पोहायला शिकवणे, यांपैकी जे असेल ते.

त्यांचा रागही लेखात असावा. चार दिवस न खाणारे कुत्रे पाचव्या दिवशी घेऊन येणाऱ्यांना ते कसे बोलत, वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू विकत घेणाऱ्यांना किंवा नागपूरच्या उन्हात हस्कीसारखी थंड प्रदेशातली कुत्री पाळणाऱ्यांना काय सुनावत, हे त्यांच्याच शब्दांत, ज्याने ते ऐकले त्याला विचारून लिहावे. शब्द नक्की आठवत नसतील, तर अवतरणचिन्हे टाळावीत.

सर्वांत जपून लिहायचा भाग दयामरणाचा आहे, आणि तो वगळू नये असे मी आग्रहाने सांगेन. असह्य वेदना असलेल्या, बरा होण्याची आशा उरलेली नसलेल्या प्राण्याला आधी गुंगीचे औषध देऊन नंतर शिरेतून भुलीच्या औषधाची जास्त मात्रा दिली जाते. काही क्षणांत श्वास थांबतो, स्टेथोस्कोप लावून डॉक्टर खात्री करतात आणि मालकाला तसे सांगतात. ज्या घरांना हे डॉक्टर आयुष्यभर लक्षात राहतात, त्यांपैकी पुष्कळांना ते याच क्षणामुळे राहतात. अशा एखाद्या कुटुंबाने बोलण्याची तयारी दाखवली, तर डॉक्टरांनी घाई केली नाही ना, लहान मुलांना काय सांगितले, नंतर ते किती वेळ थांबले, एवढे विचारावे. प्राण्याच्या शेवटच्या हालचालींचे वर्णन करू नये. त्या घरासाठी ती जखम असते. ‘तो वर आपली वाट पाहत असेल’ अशा धर्तीची वाक्येही टाळावीत. त्या दिवसानंतर डॉक्टर घरी येऊन कसे वागत, हे पत्नीला विचारता आले, तर दवाखाना आणि घर येथे एकत्र येतात.

प्रत्यक्ष लिहिताना जन्मतारखेने आरंभ करू नये. टेबलावरील एका कामाने सुरुवात करून मग शिक्षण, नोकरी आणि घर असे जावे. जन्म-मृत्यूच्या तारखा, पदवी आणि कुटुंबीयांची नावे शेवटी वेगळ्या चौकटीत द्यावीत. हजार-बाराशे शब्द पुरतात. शोकसभेसाठी त्यातील दोनच प्रसंग निवडावेत, कारण भरल्या गळ्याने पाच मिनिटांत साडेतीन-चारशे शब्दांपेक्षा अधिक वाचवत नाहीत. मसुदा आधी डॉक्टरांच्या पत्नीला आणि मुलांना दाखवावा, वैद्यकीय तपशील एखाद्या समव्यवसायी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत आणि ज्यांच्या आठवणी घेतल्या त्यांना त्यांचा मजकूर वाचून दाखवावा. छापून झाल्यावर एक प्रत महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाकडे पाठवावी आणि एक सहायकांच्या घरी स्वतः नेऊन द्यावी.